मालकीणबाईंची पावलं

संकट आलं की माणसाच्या पायाखालची वाळू सरकते, असं म्हणायची पद्धत आहे. खडखड्यांच्या बाबतीत नुसतं म्हणायची गरज नव्हती, कारण तो फोन आला तेव्हा ते खरोखरच वाळूत उभे होते. घराच्या मागच्या खोलीत, लाकडी चौकटीत भरलेल्या वाळूवर, पायात बायकी सँडल घालून, एका हाताने पँट गुडघ्यापर्यंत वर धरून ते एका बाईला समुद्रकिनाऱ्यावरून चालवत होते. समुद्र नंतर यायचा होता. तो बाथरूममध्ये टबात भरून ठेवलेला होता.

खडखडे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते शेजाऱ्यांनी बहाल केलेलं नाव, आणि भिंतीपलीकडून दिवसभर जे ऐकू यायचं त्या मानाने ते सौम्यच म्हणायचं. त्यांचा धंदा आवाजांचा. आपण फोनवर एखादी गोष्ट ऐकतो, तिच्यात कुणी जिना चढतं, कुणी कडी लावतं, कबुतर फडफडत उडून जातं. नट आपापली वाक्यं बोलून घरी जातात. ही उरलेली दुनिया नंतर कुणीतरी एका खोलीत बसून तयार करतं. खडखड्यांच्या खोलीत भिंत नसलेलं एक दार उभं होतं. कड्या-कोयंड्यांची पेटी होती, खडीचा ट्रे होता, कबुतरासाठी कातडी हातमोजे होते, आणि जोड्यांचं कपाट तर एखाद्या दुकानाला लाजवील असं. हाड मोडायचं असलं की ते कोबी आणत. गोष्टीत मारामारी झाली की घरात कोबी शिजे, आणि बायको ताट पुढे ओढताना शांतपणे विचारी, आज कुणाचा हात.

बायको मोठ्या हॉस्पिटलात नर्स. तिला सगळं जग सिस्टर म्हणे. ऐकून ऐकून खडखडेही चारचौघांत कधी सिस्टर म्हणून जात आणि मग समोरच्यांचे चेहरे बघून घाईघाईने खुलासा करत.

तर फोन. तो होता निर्मातीचा. मुलगी गुणी होती, खडखड्यांना काका म्हणायची, आणि वाईट बातमी द्यायची तिला सवय नव्हती हे तिच्या खोकण्यावरूनच कळत होतं. एका लॉजच्या मालकीणबाईंची गोष्ट तिची कंपनी भागाभागांनी काढत होती. लॉजमध्ये उतरणाऱ्यांच्या भानगडी मालकीणबाई निस्तरायच्या, आणि लोक ते चवीने ऐकायचे. गोष्ट संपेपर्यंत आवाजांचं काम खडखड्यांचं, असा करार होता. गोष्ट अजून निम्मीही झाली नव्हती. पण कंपनीने आता तयार आवाजांचा एक मोठा साठा घेतला होता, बटण दाबलं की हवा तो आवाज हजर, आणि काम मधेच थांबवायची सोय करारात होतीच. ती त्यांनी वापरली. सँडलमधली वाळू झटकत खडखड्यांनी विचारलं, की मग मालकीणबाई आता किनाऱ्यावरच राहणार का.

"तूर्तास थांबू या, काका," ती म्हणाली.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. खडखड्यांनी 'तूर्तास' घट्ट धरला. तूर्तास म्हणजे कायमचं नव्हे, हे शाळकरी पोरालाही कळतं. तयार आवाज म्हणजे तयार कपडे. कुणाला खांद्यात घट्ट, कुणाला कमरेत ढगळ. चार भाग जाऊ देत, ऐकणारेच ओरडा करतील, आणि हीच मुलगी पुन्हा खोकत फोन करील. त्यांनी टबातला समुद्र सोडून दिला आणि शीळ घालत चहा टाकला.

संध्याकाळी सिस्टर घरी आल्या तेव्हा त्यांनी ही बातमी जवळजवळ विनोदासारखी सांगितली. सिस्टर हसल्या नाहीत. गरज सरो आणि वैद्य मरो, हे आमच्याकडे रोजचंच आहे, एवढंच म्हणून त्या हातपाय धुवायला गेल्या. त्यांच्या न हसण्याला कारण होतं. या करारामुळेच त्यांनी रात्रपाळ्या सोडल्या होत्या. त्यांची पाठ दुखायची, दिवसा झोप लागायची नाही, आणि खडखड्यांनी करारावर सही केली त्याच दिवशी छाती पुढे काढून सांगितलं होतं की आता रात्रीची घराबाहेर राहू नकोस. खडखडे ते विसरलेले नव्हते. पण आत्मविश्वास असला की माणूस आठवणीला जरा मागच्या बाकावर बसवतो.

अशा वेळी धावून येतो तो मेहुणा. सिस्टरचा धाकटा भाऊ, घरातला बाळू, बाहेर मात्र फरश्यांच्या मोठ्या दुकानाचा मालक. बाळू मनाचा चांगला. त्याला फक्त दुसऱ्याचं भलं करायची घाई फार. बातमी कळताच तो मिठाईचा डबा घेऊन हजर झाला, आणि मिठाई कशाबद्दल ते कुणालाच कळेना. गोदाम सांभाळायला त्याला विश्वासाचा माणूस हवा होता. भाऊजींनी यावं, पूर्ण वेळ, महिन्याचा महिन्याला पगार, डोक्याला ताप नाही. आणि मागची खोली रिकामी झालीच तर नमुन्याच्या फरश्यांचे खोके तिथे ठेवता येतील, त्याचं भाडंही तो देईल. महिनाअखेरीला सांगा, म्हणाला. त्यानंतर मात्र त्याला दुसरा माणूस बघावा लागणार होता.

खडखड्यांनी त्याचे आभार मानले आणि त्याच्या जोड्यांचा करकर आवाज लक्षात ठेवला. लॉजमधल्या एखाद्या मिजासखोर पाहुण्याला छान शोभला असता.

रोज सकाळी ते पूर्वीसारखेच खोलीत जात आणि दार लावून घेत. हात थांबला की बसतो, असं ते म्हणत. नवा भाग आला तो त्यांनी कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकला, आणि मांडीवर थाप मारली. लॉजचा जिना आतापर्यंत लाकडी होता. एका आठवड्यात तो दगडी झाला होता. टपालवाला, स्वयंपाकीण, मालकीणबाई, सगळे एकाच जोड्यात चालत होते, टक टक टक टक, जणू लॉजमध्ये घोडा उतरला होता. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ही तर अळणीच निघाली, असं ते आरशाला म्हणाले. आता फक्त ओरड व्हायची वाट बघायची.

ओरड झाली नाही. खडखड्यांनी लोकांचे अभिप्राय वाचले. भाग उत्तम होता, मालकीणबाईंनी कमाल केली, पुढचा कधी. आणखी एक भाग आला, तोही उत्तम. शेवटी ते सलूनमध्ये गेले. सलूनवाला या मालिकेचा परमभक्त, केस कापताना सगळ्या दुकानाला तीच ऐकवायचा. खडखड्यांनी सहज म्हणून विचारलं, अलीकडे काही वेगळं वाटतं का. सलूनवाल्याने कात्री थांबवून मनापासून विचार केला आणि सांगितलं की हो, आता बोलणं जरा स्वच्छ ऐकू येतं, मधली ती खुडबुड कमी झाली आहे.

खडखडे अर्धे केस तसेच ठेवून उठले नाहीत, हीच त्यांची सभ्यता. घरी येताना मात्र त्यांना पहिल्यांदा भीती वाटली. काम गेल्याची नव्हे. ते असलं काय आणि नसलं काय, कुणाला फरक पडत नव्हता, याची. असं असेल तर बाळूच्या गोदामात बसायला हरकत कसली? त्यांनी खोलीतलं कपाट उघडलं, जोडे खोक्यात भरायला घेतले, आणि दोन खोकी भरल्यावर तिथेच खडीच्या ट्रेच्या काठावर बसून राहिले.

सिस्टर आल्या त्या पर्स न ठेवताच खोलीच्या दारात आल्या. खोकी त्यांनी बघितली. त्यांच्या वॉर्डात पाय मोडलेली एक म्हातारी होती, ती दिवसभर फोनवर मालकीणबाई लावून बसायची. सिस्टरनी ही गोष्ट कधी मुद्दाम ऐकली नव्हती. भिंतीतून फुकट ऐकू येतं ते कान देऊन कोण ऐकणार? पण आज म्हाताऱ्या बाईंना औषध देताना एक भाग सुरू होता.

"तुमच्या त्या मालकीणबाई बदलल्या का हो?" त्यांनी विचारलं.

खडखडे म्हणाले, नाही, नटी तीच आहे, आवाज तोच आहे.

"आवाज नाही म्हणत मी. पूर्वी त्या बाहेर निघाल्या की दारात एक पाऊल थांबायच्या. मागे काही राहिलं का ते बघून मग जायच्या. मला इथे स्वयंपाकघरात ऐकू यायचं. या नव्या बाई सरळ चालत्या होतात. मागे कुणी मेलंय का जगलंय, त्यांना काही नाही."

खडखड्यांनी खोकं बाजूला सारलं.  मग त्यांनी जे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं. मालकीणबाईंची पावलं त्यांनी बनवलेली नव्हती, उचललेली होती. काम सुरू झालं तेव्हा या बाईला कसं चालवावं ते त्यांना सापडत नव्हतं. एका सकाळी सिस्टर ड्यूटीला निघाल्या, दोन पावलं झपाझप, मग दारात एक अडकलेलं पाऊल, जरा वळताना घासलेली चप्पल, आणि मग बाहेर. खडखडे अंथरुणातून उठून तसेच खोलीत पळाले होते.

"ती तू आहेस," ते म्हणाले. "पहिल्या भागापासून."

सिस्टर स्टुलावर बसल्या. आपण दारात थांबतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. वॉर्डातून निघताना सगळ्या खाटांकडे एकदा बघायची सवय, ती घरी कधी आली ते कळलं नाही, असं त्या म्हणाल्या. मग इतकी वर्षं ज्या माणसाला मी कपाटातला टॉवेल सापडत नाही म्हणून रागावते, त्याला हे ऐकू येत होतं, असंही म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरले. खडखड्यांना फार सुख झालं. सलूनवाला गेला खड्ड्यात. ज्या एका बाईला कळायला हवं होतं तिला कळलं होतं.

पण धंद्यातला एक नियम त्यांनी त्या सुखात मोडला होता. ज्याची चाल उचलायची त्याला ती कधी सांगायची नाही. दुसऱ्या दिवसापासून सिस्टरना चालताच येईना. दाराजवळ आल्या की त्या सावध होत, थांबू की नको अशा मधेच अडखळत, आणि कधी चुकून नीट थांबल्याच तर मागे वळून विचारत, असंच का? हॉस्पिटलात डॉक्टरांनी पायाचा एक्सरे काढून घ्या म्हणून सांगितलं. सिस्टरनी नवऱ्याला फैलावर घेतलं, की चांगली चालती बाई तुम्ही लंगडी केलीत. खडखड्यांनी कानाला खडा लावला. खडीचा ट्रे जवळच होता.

गंमत अशी की त्या दिवसानंतर त्यांनी निर्मातीच्या फोनची वाट बघणं सोडलं. आतापर्यंतचा भरवसा तिच्यावर होता. आता तो पुन्हा स्वतःवर आला. आणि स्वतःवरचा भरवसा माणसाला बसू देत नाही. त्यांनी जोडे पुन्हा कपाटात लावले आणि ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फोन सुरू केले. बऱ्याच जणांनी कळवतो म्हणून सांगितलं, म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं. पण बाहुल्यांचे खेळ करणारा एक जुना मित्र फोनवर ओरडलाच. त्याच्या बाहुल्या बोलायच्या, नाचायच्या, रडायच्या, पण त्यांना वजन नव्हतं. रंगमंचावर आल्या की तरंगत आल्यासारख्या वाटायच्या. नवा खेळ एका राजाचा होता. त्याचं राज्य जातं आणि तो पायी निघतो. खडखडे म्हणाले, तुझ्या राजाला पाय मी देतो. काम छोटं होतं. पण काम होतं.

महिनाअखेर आली. बाळूला फोनवर नाही म्हणणं बरं दिसलं नसतं, म्हणून दोघं दुकानात गेली. नाही म्हणायचं हे खडखड्यांनी ठरवलं होतं. पण दुकानात शिरल्यावर ठरवलेलं टिकतंच असं नाही. बाळूने काचेच्या पार्टिशनमागे टेबल लावून ठेवलं होतं. खुर्ची नवी होती, अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, पाठीला आधार देणारी. भाऊजींची पाठ, म्हणून खास बघून घेतली, म्हणाला. खडखड्यांना आठवली ती दुसरीच पाठ, रात्रपाळीत दुखणारी. एवढ्याशा राजाच्या जिवावर तिला पुन्हा तिकडे ढकलायचं का? ते खुर्चीत बसले. खुर्ची आरामशीर होती, हेच तिचं वाईट होतं.

नेमका तेव्हाच निर्मातीचा फोन आला. या वेळी ती खोकली नाही. तयार आवाजांचा साठा विकणाऱ्यांनी मालिकेचे जुने भाग ऐकले होते आणि त्यांना मालकीणबाईंची पावलं आवडली होती. पावडरीच्या जाहिरातीपासून खुनाच्या गोष्टीपर्यंत कुठेही वापरता येतील अशी चाल, असं त्यांचं मत पडलं. त्यांना ती कायमची विकत हवी होती. दारं, पाऊस, भांडी यांतलं काही नको, ते त्यांच्याकडे होतं. फक्त ती पावलं. आकडा तिने सांगितला तेव्हा खडखडे खुर्चीतून उठून उभे राहिले. तेवढ्यावर पुढे बराच काळ रात्रपाळीची चिंता नव्हती.

त्यांनी फोनवर हात ठेवला आणि बायकोकडे बघितलं. बाळू दोघांकडे बघत होता.

"तुझी पावलं मागतायत," ते म्हणाले. "कायमची. देऊ का?"

"कोण चालणार माझ्या पायांनी?"

"जो विकत घेईल तो. चोर म्हण, सून म्हण, भूत म्हण. आपल्याला कळणारही नाही."

सिस्टरनी विचार केला. त्या घाईत निर्णय घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. इंजेक्शनसुद्धा दोनदा वाचून देत.

"नका देऊ," त्या म्हणाल्या. "माझे पाय मला घरी यायला लागतात."

"आणि रात्रपाळी?"

"करीन थोडे दिवस. पूर्वी करत नव्हते का? पण माझी मीच जाईन. परकी बाई माझ्या पायांनी फिरायला नको."

खडखड्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवले नाहीत. त्यांनी फोन कानाला लावला, मुलीचे मनापासून आभार मानले, आणि पावलं विकायची नाहीत असं सांगितलं. ती म्हणाली, काका, तूर्तास नाही म्हणताय का? खडखडे म्हणाले, तूर्तास वगैरे काही नाही, नाहीच. पुन्हा काम असेल तर मात्र जरूर बोलवा, मी माझे पाय घेऊन येईन.

बाळूला यातलं निम्मं कळलं होतं, आणि जे कळलं त्याने तो चक्रावला होता. कंत्राट गेलं, आलेला पैसा हे दोघं मिळून परत पाठवतात, आणि खुर्चीवरचं प्लॅस्टिक अजून निघायचं आहे. ताई, तू तरी सांग यांना, म्हणून त्याने बहिणीकडे बघितलं, आणि तिचा चेहरा बघून तो नाद सोडला.

"भाऊजी, मग तुम्ही करणार काय?"

"काम," खडखडे म्हणाले. "गेलंय ते कंत्राट, बाळू. काम माझ्याकडेच आहे."

बोलता बोलता त्यांचं लक्ष पायाखाली गेलं होतं. दारापासून टेबलापर्यंत बाळूने नमुन्याच्या फरश्या मांडल्या होत्या, आणि मधली एक मोठी काळी फरशी पाय पडला की आतून उत्तर दिल्यासारखी वाजत होती. खडखडे तिच्यावरून एकदा गेले, टाच आधी टेकवून पुन्हा गेले, मग खाली बसून त्यांनी बोटाने ती ठोकून बघितली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि थबकून बघू लागलं. बाळू कानकोंडा झाला.

"नोकरी नको," खडखडे बसल्या जागेवरून म्हणाले, "पण ही फरशी मला दे. तुटकी असली तरी चालेल. बाहुल्यांच्या खेळातला माझा राजा रस्त्यावर येतो, आणि त्याला अजून राजवाडाच नाही."

बाळूने एकदा आढ्याकडे बघितलं. मग तो स्वतः गोदामात गेला आणि कडा उडालेल्या दोन काळ्या फरश्या घेऊन आला, आणि वर एक दगडी तुकडाही, कारण राजा रस्त्यावर येतो म्हणताय तर रस्ताही लागेल, असं तो रागाने म्हणाला. त्याचा राग फार वेळ टिकत नसे. खुर्चीचं प्लॅस्टिक त्याने काढलं नाही. पुढच्या माणसाला ती नवीच मिळायला हवी होती.

दोघं फुटपाथने निघाली. फरश्या खडखड्यांच्या बगलेत, दगड सिस्टरच्या पिशवीत. कोपऱ्यावर सिस्टर थांबल्या आणि पिशवी दुसऱ्या हातात घेत त्यांनी विचारलं, की राज्य असतानाचा राजा कसा चालेल ते कळलं, पण ते गेल्यावर तो कसा चालतो.

खडखड्यांना हे बाहुलीवाल्याने विचारलं होतं आणि उत्तर सापडलं नव्हतं. आता ते लगेच सापडलं.

"तसाच," ते म्हणाले. "राज्य गेलं, पाय त्याचेच आहेत."

आणि लोक बघत असताना, बगलेत फरश्या धरून, त्यांनी बसस्टॉपपर्यंत तिला चालून दाखवलं.